नाना प्रदर्शनाला भेटायला जातात

आमचे शेजारी नाना कुणाच्या बारशाला जातील न जातील, आजाऱ्याला भेटायला मात्र हमखास जाणार. ओळख पाहिजेच असं नाही. आमच्या मेहरूणमधल्या कुणाला सिव्हिल हॉस्पिटलात ठेवलं की नाना केळी घेऊन निघालेच. एकाला भेटून परतायचे नाहीत, अख्खा वॉर्ड करायचे. "झोप लागस का? भूक लागस का? मंग काय, बठ्ठं बरं व्हई जाई!" आमच्या घराण्यात मी पहिला बी.ए. झालो. निकालाच्या दिवशी मला जरा ताप होता. सगळी गल्ली पेढे खात होती आणि नाना माझी नाडी धरून बसले होते.

एका आजाराबद्दल मात्र ते चकार शब्द काढत नसत. त्यांची मुलगी लता लहानपणी पोलिओतून उठली, पण डावा पाय वाळलेलाच राहिला. बघायला पाहुणे येणार असले की नाना तिला आधीच पाटावर बसवून ठेवत, म्हणजे चालणं दिसायला नको.

तीच लता हट्टाने धुळ्याला चित्रकला शिकली. आमच्या गल्लीतली असं काही शिकणारी ती पहिलीच, आणि हे मी ऑफिसात चारचौघांना ऐकवलेलं आहे. तिच्या कॉलेजच्या पोरांनी शरीर आणि आजार या विषयावर प्रदर्शन मांडलं. त्यात तिने स्वतःच्या डाव्या पायाचा प्लास्टरचा साचा ठेवला. मला म्हणाली, "भाऊ, नानांना आणा. पण पाय बघून ते मागे फिरले, तर मी पुन्हा ब्रशला हात लावणार नाही."

नानांना मी एवढंच सांगितलं, आजारपणावरचं प्रदर्शन आहे. एसटी सुटायच्या आत त्यांनी दोन फण्या केळी घेतली.

"नाना, तिथे माणसं नाहीत, चित्रं आहेत."

"चित्रमा आजारीच शेतस ना? मंग! रिकामा हाते जातस का कोनी?"

हॉलच्या दारात त्यांनी चपला काढल्या, आवाज खाली आणला. दम्याच्या म्हाताऱ्याच्या चित्रापुढे थांबले, हळहळले, खाली एक केळं ठेवलं. पुढे टांगलेल्या एक्स-रेखाली एक. मुंबईहून आलेले एक दाढीवाले गृहस्थ त्या केळ्याला वळसा घालून म्हणाले, "फारच सूचक!"

असं करत नाना त्या पायापाशी आले. थबकले. लता भिंतीला टेकून उभी होती.

नेमके तिथे नानांचे धुळ्याचे मावसभाऊ, रामूआप्पा. स्थळांच्या बातम्या समाजात सगळ्यात आधी पोचवणारे. यांच्या कानावर गेलं म्हणजे नंदुरबारपर्यंत गेलं. त्यांनी पायाकडे बोट केलं.

"नाना, हाऊ कोना पाय शे रे?"

मला वाटलं, आता वळणार.

"मनी लताना," नाना म्हणाले. वॉर्डातला हळू आवाज नव्हता तो. दारातला शिपाईसुद्धा वळून बघायला लागला. "तिनाच शे. तिनीच करेल शे."

नानांनी टोपी काढली, खाली बसले आणि प्लास्टरच्या बोटांमधली धूळ टोपीने पुसू लागले. एकेक बोट.

लता लंगडत जवळ आली. "नाना, ऱ्हाऊ द्या. लोके देखतस."

"देखू दे," नाना म्हणाले, आणि अंगठा पुसायला घेतला.