ग्रुपला मराठी शब्द

कुठलाही इंग्रजी शब्द सांगा, चुटकीसरशी मराठी शब्द देतो, असं कोशकाका छाती ठोकून सांगत. तीस वर्षं सरकारी कचेरीत भाषांतरं करून ते निवृत्त झाले होते, आणि इमारतीत त्यांना या टोपणनावाशिवाय दुसरं नाव उरलं नव्हतं. काकू गेल्यापासून मात्र संध्याकाळ त्यांना खायला उठायची. पूर्वी दोघं रोज तळ्यापर्यंत फिरायला जात. आता काका फाटकापर्यंत जायचे आणि काहीतरी विसरल्यासारखं करून परत फिरायचे.

परगावी असलेली लेक फोनवर म्हणाली, "बाबा, फिरायला जाणारा एखादा ग्रुप जॉइन करा ना."

तसा ग्रुप जवळपास नव्हता. मग आपणच काढू, पण फळ्यावर इंग्रजी शब्द लिहायचा नाही, असं काकांनी ठरवलं. जिन्याजवळच्या फळ्यावर त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'इमारतीत नवीन गट स्थापन होत आहे. इच्छुकांनी भेटावे.' शब्द शोधायच्या नादात फिरायला जायचं आहे, हे लिहायचंच राहून गेलं.

नेमकी पुढच्या महिन्यात सोसायटीची निवडणूक होती. तासाभरात अध्यक्ष दारात उभे, आपलं काय चुकलं म्हणून पडेल आवाजात विचारायला. ते जिना उतरतात न उतरतात तोच विरोधक आले आणि काकांना थेट अध्यक्षपदाची उमेदवारी देऊन गेले. काकांनी धावत जाऊन 'गट' पुसला आणि 'पथक' लिहिलं. संध्याकाळी चार म्हातारे काठ्या नि शिट्ट्या घेऊन हजर. चोर कुठल्या मजल्यावर शिरला, एवढंच त्यांना हवं होतं. मग 'टोळी' लिहून पाहिलं, तर वॉचमनने फळाच उतरवून ठेवला.

शेवटी काकांनी वहीचं पान फाडून स्वतःच्या दारावर चिकटवलं, 'संध्याकाळी तळ्यापर्यंत चालायला कुणीतरी हवं आहे. मी हळू चालतो.'

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या कपडे शिवणाऱ्या बाई आल्या. दिवसभर मशीनवर बसून त्यांचे गुडघे धरत, आणि भरभर चालणाऱ्यांबरोबर त्यांचा निभाव लागत नव्हता. परत येताना काकांच्या लक्षात आलं, आपण सगळी वाट काकूंबद्दलच बोलत होतो आणि बाई ऐकत होत्या.

रात्रीपर्यंत त्यांना धीर निघाला नाही. लेकीला फोन करून ते म्हणाले, "ग्रुप काही जमला नाही गं. पण सोबत मिळाली. खालच्या मजल्यावरच्या बाई आहेत."

लेकीने घाईघाईने फोन ठेवला.

आठ महिने रजा न मिळालेली लेक दुसऱ्या दिवशी दुपारीच बॅग घेऊन दारात. काकांनी परोपरीने समजावलं, दारावरचं पान दाखवलं. तिला काही ते पटेना. संध्याकाळी ती जातीने बरोबर निघाली, बाईंना नीट पारखून घ्यायला. तळं येईपर्यंत ती बाईंना आपल्या दोन ड्रेसची मापं सांगत होती. बोलता बोलता दोघी पुढे गेल्या आणि काका मागे एकटेच उरले.

"बाबा, चला ना," लेकीने वळून हाक मारली.

"व्हा तुम्ही पुढे," काका म्हणाले.

पाठमोरी लेक थेट तिच्या आईसारखी चालत होती, आणि काकांना काही केल्या तिला गाठायचं नव्हतं.