घोट्याला बांधलेली शाई

"अहो, पाय हलवू नका!" असं सासूबाई लग्नापासून नवऱ्यावर ओरडत आल्या होत्या. त्या दिवशी मात्र सून धावत बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, हलवा! थांबू नका!"

सासूबाई बघतच राहिल्या.

प्रकरण शाईचं होतं. सून अरबी सुलेखन शिकत होती. रविवारी तिचे उस्ताद घरी येऊन तिचं लिखाण बघणार होते. पसंत पडलं, तर त्याखाली सही करायची परवानगी. तोवर नाव घालायचं नाही, असा त्या कलेचा दंडक. अक्षर झकास होतं, पण काजळी आणि डिंकाची घरची शाई दाणेदार निघाली होती. पूर्वी म्हणे शाईची बाटली काफिल्यातल्या उंटाला बांधून देत. उंट जाऊन येईपर्यंत हिसके खाऊन शाई मऊसूत होई. आता रविवारपर्यंत उंट कुठून आणायचा? तेवढ्यात तिला सोफ्यावर बसलेल्या सासऱ्यांचा तो सतत हलणारा पाय दिसला.

तिने बाटली घोट्याला बांधली मात्र, पाय थिजला.

"मुद्दाम हलवायला गेलं की हलतच नाही गं," बाबा कासावीस झाले.

"फुटबॉल लाव!" सासूबाई पदर खोचून म्हणाल्या. "मॅच लागली की हे सोफ्यासकट हलतात."

आठवडाभर घरात फुटबॉलशिवाय काही लागलं नाही. बाटली खळखळत राहिली. रविवारी शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली, त्याच क्षणी बेल वाजली. सुनेने दार उघडलं, तिकडे गोल झाला, बाबांनी उडी मारली आणि बूच उडालं! नव्याने रंगवलेल्या भिंतीवर शाईचा हा एवढा फराटा.

संपलं सगळं, असं वाटून सुनेला रडूच फुटलं. उस्ताद भिंतीपाशी गेले. ओल्या शाईवरून बोट फिरवून त्यांनी ते चोळून पाहिलं.

"उरली आहे थोडी? मग बस लिहायला."

बाटलीच्या तळाशी होती तेवढ्यात तिने ओळ लिहिली. कलम एकदाही अडखळलं नाही. उस्तादांनी खाली परवानगी लिहून दिली.

"एक दाणा नाही शाईत," उस्ताद म्हणाले. "कुठल्या काफिल्याबरोबर पाठवली होतीस?"

"कसला काफिला? घरचाच उंट आहे," सासूबाईंनी सोफ्याकडे बोट दाखवलं. बाबा ओशाळून पाय पोटाशी घेऊ लागले.

उस्तादांनी हळूच पिशवीतून स्वतःची बाटली काढली.

"दुसरा पाय मोकळाच दिसतोय," ते म्हणाले. "पुढची मॅच कधी आहे?"