डोमामामांचं जहाज

देवरीच्या बाजारात माझे डोमामामा दर आठवड्याला एका जहाजाचा ठावठिकाणा सांगत. तलावापेक्षा मोठं पाणी त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, पण "एडनले लागला. कोळसा भरून राहिले," हे असं सांगायचे, की वाटावं माणूस आत्ताच बंदरावरून उठून आलाय. जहाजाला उशीर का झाला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "पान्याचा का भरोसा?"

बाजारातली पोरं ओरडत, "डोमाजी, बुडलं का जी?" मामा तिकडे बघतही नसत. ते सांगायचे फक्त सुकवारोबाईला.

सुकवारो ही चारोळी आणि चिंच विकणारी विधवा गोंडीण. तिच्या शेताच्या धुऱ्यावर एक साग होता, दोघांच्या कवेत न मावणारा. नवऱ्याने जिवापाड राखलेला. मामा लाकडाचे ठेकेदार. म्हातारी झाड देईना, तेव्हा मामा म्हणाले, "बाई, इथं उभ्याउभ्याच सुकून जाईल. मले दे. जहाज होईल त्याचा. दुनिया पाहील."

हे तिला पटलं. तिने बुंध्याला हळदकुंकू लावलं. ओंडके गाडीबैलांनी सौंदडच्या टेशनावर आले, तिथून मुंबईच्या आरमारी गोदीला रवाना झाले.

पुढच्या बाजारी तिने विचारलं, "माहा झाड कुठं पोचला?"

मामांनी याचा विचारच केला नव्हता. पण ती वाट बघत होती. मग मामांच्या तोंडी जहाज बांधून झालं, पाण्यात उतरलं, निघालं. मी सौंदडच्या शाळेत मास्तर. बंदरांची नावं मी पुरवायचो. "मास्तर, एडनच्या पुढं का लागते?" असं विचारत मामा भर वर्गात येऊन उभे राहत.

मग एका लग्नासाठी आम्ही दोघे मुंबईला गेलो. तेव्हा नेमकी गोदी लोकांना पाहायला खुली होती. मामा नवं पागोटं बांधून निघाले. आत प्रत्येक जहाजाला ते बोटाने ठोकून पाहू लागले. "मास्तर, हा तं टिनाचा हाय!" लोक हसले. मी भलतीकडे पाहू लागलो.

माहिती सांगायला एक म्हातारा मुकादम होता. इथे पूर्वी सागाची जहाजं कशी बांधत, ती पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकत, हे तो रंगवून सांगत होता. मामांची छाती फुगली.

"आताची कुठं हायेत?"

"आता कुठली, काका? माझ्या बापानेसुद्धा बांधताना पाहिली नाहीत. सगळं लोखंड."

"मंग साग कायले आनता?"

मुकादमाने पाणी उपसलेल्या सुक्या गोदीकडे बोट दाखवलं. दुरुस्तीला आलेलं जहाज लाकडी ठोकळ्यांवर टेकवलं होतं. चेपून फुटलेल्या ठोकळ्यांचा ढीग कडेला पडला होता. वरच्याच एका ठोकळ्यावर मामांच्या ठेक्याचा छाप होता.

मामांनी पागोटं काढून हातात घेतलं.

परतीच्या वाटेवर गोंदियाला गाडी बदलताना मामा म्हणाले, "बाईले तोंड कसा दाखवू?"

"जहाज कोलंबोला पोचलं म्हणून सांगा," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझी मान खाली गेली.

बाजाराच्या दिवशी ते तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "बाई, जहाज झालाच नाही. तुह्या झाडाचे ठोकळे झाले. मी लबाड बोललो."

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मंग कापलास कायले?"

तिने चारोळी बांधली आणि भर बाजारातून उठून गेली.

पुढचे कितीतरी बाजार ती आली नाही. मामा मात्र येत. तिच्या रिकाम्या जागेशेजारी, कोणापासून तरी तोंड लपवावं तसे, खाली मान घालून बसत. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. अख्ख्या देवरीत त्यांचं बोलणं ऐकायला थांबणारं एकच माणूस होतं, हे मला तेव्हा कळलं.

आणि एका बाजारी ती आली. फडकं पसरून बसली. मामा दूरच उभे राहिले.

"उभा कायले राहून राहिलास? बस."

मामा बसले.

"समुद्र तरी पाहलास ना?"

"पाहलो."

"मंग तो सांग. खरा सांग."

पागोट्याच्या टोकाने मामांनी डोळे पुसले.

"खारा असते, बाई," ते म्हणाले.