होऊन गेल्याचा दाखला

दर नोव्हेंबरात प्राचीन रोमचे लोक आमच्या वाचनालयात होऊन गेल्याचा दाखला न्यायला येतात. नियम सोपा आहे. अर्जदाराचा उल्लेख असलेलं किमान एक छापील पुस्तक कपाटात हवं आणि ते वाचण्याजोगं हवं. आधार नसेल तर दाखला नाकारला जातो आणि तो माणूस कधी झालेलाच नसतो. त्याच्या आप्तांनाही तो आठवत नाही. आम्हा ग्रंथपालांना तेवढा आठवतो, कारण रजिस्टर आमच्याकडे असतं.

सम्राटांचं काही अडत नाही. एकेकाच्या नावावर दहा-अकरा ग्रंथ आहेत. तरी मागे एक सेनापती आपल्याला दीडच पान दिलं म्हणून तासभर माझं डोकं खात बसला होता. माझा जीव अडकायचा तो फेलिकुलापाशी. ही लोकर धुणारी बाई. दोन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन यायची, आणि पोरगी शिक्क्याच्या पॅडवर बोटं आपटून माझं टेबल घाण करायची. दोघींना मिळून एकच आधार होता: रोममधल्या घरसंसारावरचं एक जुनं पुस्तक, पान दोनशे बारा, अगदी तळाची टीप. तीही दोनच ओळींची.

गेल्या वर्षी मी ते पुस्तक काढलं तर पानं हातात आली.

“बाई, पुढच्या तपासणीत हे बाद होईल.”

“मग आम्ही दोघी?”

“दोघीही.”

तिने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. “माझं राहू द्या, साहेब. हिचं तेवढं बघा.”

“अर्ज एकत्र आहे,” मी म्हणालो. मग मलाच माझी चीड आली. “बघतो. बांधणीला देतो.”

पुस्तक मी स्वतः जिनगरकाकांकडे नेलं. चाळीस वर्षं आमची पुस्तकं तेच बांधतात. “पक्कं करा, वीस वर्षं हलायला नको,” असं बजावलं. त्यांनी पक्कं केलं. नवा पुठ्ठा घातला, पाठीला कापड लावलं आणि शिवण झाल्यावर तिन्ही बाजू कापून सारख्या केल्या, जशा ते प्रत्येक पुस्तकाच्या करतात. मी पान दोनशे बारा उघडलं. टिपेची शेवटची ओळ नव्हती.

“काका, खालून किती कापलंत?”

“दोन सूत. कडा कुरतडल्या होत्या ना. का, तिथे काही होतं?”

“एक मुलगी होती.”

काकांनी चष्मा काढला. “मग आधी सांगायचं ना.”

खरंच, सांगायला हवं होतं. कातरणांचं पोतं सकाळीच रद्दीवाल्याकडे गेलं होतं. मी तिथे धावलो, तोवर पोतं कागदगिरणीच्या ट्रकमध्ये चढून निघालं होतं. ती ओळ मला तोंडपाठ आहे: ‘दोन वर्षांची होऊन वारलेल्या आपल्या लेकीच्या थडग्यासाठी.’ वहीत लिहूनही ठेवली आहे, पण हस्तलिखित चालत नाही, आणि मी छापून घेतली तर तो बनावट आधार ठरतो.

यंदा फेलिकुला वेळेवर आली.

“अर्जदार किती?” हे मला विचारावंच लागतं.

“एकटीच, साहेब.”

अर्ज तिने उजव्या हाताने पुढे केला. डावा हात कमरेशी वाकवलेलाच होता. अर्जदाराला आधार वाचून दाखवायचा नियम आहे, म्हणून मी वाचला: ‘फेलिकुला नावाच्या लोकर धुणाऱ्या बाईने चार वर्षं राबून एक दगड कोरवून घेतला,’

“पुढे?”

“पुढे नाही.”

ती जरा विचारात पडली. “दगड कशाला कोरवला असेल मी?”

“पुस्तकात दिलेलं नाही,” मी म्हणालो आणि दाखल्यावर शिक्का मारला. टेबल स्वच्छ राहिलं.