तुपाचा गोळा

धाकट्या बहिणीच्या पत्राला मास्तरांनी उत्तर पाठवलं नव्हतं ते काही आळसामुळे नव्हे. लिहून फाडलेल्या उत्तरांनी टोपली भरली होती. 'दादा, आता आपण दोघंही एकटीच. तुझ्याकडेच राहायला येऊ का?' एवढंच तिनं विचारलं होतं. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या मास्तरांना त्यातलं 'एकटीच' खुपत होतं. दुसरं कुणी उरलं नाही म्हणून एकत्र यायचं, याला माया कसं म्हणावं? आणि येऊन पस्तावली तर?

त्या सकाळीही ते असेच एका वाक्यात अडकले आणि शेगडीवरचं तूप करपलं. पातेलंभर काळं तूप त्यांनी सिंकमध्ये ओतलं, वर कढत पाणी सोडलं आणि पुन्हा लिहायला बसले. तूप पातळ होऊन पुढे सरकलं खरं. पण इमारतीच्या सामाईक पाइपात, खालच्या गारव्यात, ते पुन्हा थिजून बसलं.

थोड्याच वेळात सिंकमध्ये पाणी चढू लागलं. मास्तरांनी नळ पाहिला. बंद होता. पाण्यावर आधी फेस आला, मग चहाचा चोथा, त्यामागून लाल दोऱ्याचा गुंता. वरच्या मजल्यावर शिंपीणबाई राहतात, असं त्यांनी ऐकलं होतं.

जिना चढताना मास्तरांनी वाक्य नीट घोटून ठेवलं आणि दार उघडताच विसरले.

"आपलं... तुमचं पाणी माझ्याकडे आलंय."

"बरं झालं," शिंपीणबाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांत आमचं काहीतरी आलं तुमच्याकडे."

तरी नळ बंद करून त्या पाहायला उतरल्या. उतरण्याआधी त्यांनी वर तिसऱ्या मजल्यावरच्या ट्रकवाल्याला हाक मारली. तो हातात साबण लावलेली कढई घेऊनच आला. मग प्लंबर आला. मास्तरांच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच एवढी माणसं मावली, आणि मास्तर अंग चोरून फडताळाला चिकटले.

"माझंच तूप," ते पुटपुटले. "मीच ओतलं."

प्लंबरनं खालचा पाइप उघडून नारळाएवढा गोळा वर आणला. "हे एका माणसाचं काम नाही, मास्तर. कितीतरी दिवसांचं साठलंय."

शिंपीणबाईंनी ट्रकवाल्याकडे पाहिलं. ट्रकवाल्यानं कढई पाठीमागे घेतली.

"आम्हीपण ओततो कधीमधी," शिंपीणबाई म्हणाल्या. "पण मास्तर, वरून कोण कुठलं तेल येतं, आणि एकमेकांना बरं शोधून काढतं. एवढं प्रेम?"

आता मात्र मास्तर सरळ झाले. "प्रेम वगैरे नसतं हो. पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून असतात. तेलाला तसा हात धरता येत नाही, म्हणून पाणी त्याला आपल्यातून बाजूला सारतं. सारलेले सगळे थेंब मग एकमेकांना चिकटतात. नाइलाजानं."

"नाइलाजानं तर नाइलाजानं," शिंपीणबाई म्हणाल्या. "पण सुटलं का? माणूस बोलावून काढावं लागलं."

मास्तर गोळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सगळ्यांसाठी चहा टाकला. कप कमी पडले. ट्रकवाला वाटीतून प्यायला.

सगळे गेल्यावर त्यांनी एका कार्डावर लिहिलं, 'ये. सिंक मोकळं झालं आहे.' आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं. टाकल्याबरोबर वाटलं, दुसरं वाक्य तिला कळायचं नाही, काढून नीट लिहावं. पण पेटीच्या फटीत हात मनगटापुढे जाईना, म्हणून ते घरी आले.