डावीकडं ओढणारी गाडी

"गाडी डावीकडं ओढतीय," सांगली सोडून पाच किलोमीटरही झाले नव्हते, तोच तवनाप्पा म्हणाले.

गुणमालाबाईंनी घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता. "ओढू द्या. सातारा तिकडंच हाय."

वाचनालयातून निवृत्त झालेले तवनाप्पा आयुष्यात एकच वाक्य ठामपणे बोलत : "मला वाटतं, पण नक्की न्हाई." काल ज्योतिबा मिस्त्रीने पुढच्या डाव्या चाकाचं बेरिंग बदललं. चाकं एका रेषेत आणायची अलायमेंट लागत नाही, असं तो म्हणाला आणि ते पटलंही. पण आज निघताना शेजारचे भाऊसो दारात उभे. "बेरिंग बदललं आन् अलायमेंट न्हाई? टायर खाऊन टाकंल की वो गाडी!" तेव्हापासून तवनाप्पा डाव्या चाकाकडे कान लावून गाडी चालवत होते.

आणि नेमका आजच उशीर चालणार नव्हता. त्यांच्या लेकीने, ब्राह्मीने, साताऱ्याच्या निवृत्त सुभेदार सयाजीरावांच्या मुलाला, जयराजला पसंत केलं होतं. दोन्ही घरं आज पहिल्यांदा भेटणार होती. पाहुणे जैन, दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत, हे कळताच सुभेदारांनी फोन केला होता, "कांदा न्हाई, बटाटा न्हाई. साडेपाचला पंगत. फौजी टायमिंग!" एवढं करूनही पाहुणे उपाशी उठले, तर त्या घरात पोरीने तोंड कसं दाखवायचं?

पेठनाक्यावर तवनाप्पांनी गाडी थांबवलीच. तिथल्या मिस्त्रीने चाक हलवून पाहिलं. "घट्ट हाय. चाकामागचा जोड खोलला असंल तर अलायमेंट बघा, न्हाईतर नको. खोलला व्हता का?"

"मी तवा पेपर वाचत होतो," तवनाप्पा ओशाळून म्हणाले.

ज्योतिबा फोन उचलेना. मग कराडला अलायमेंटचं दुकान दिसलं. पुढे चार गाड्या होत्या. गुणमालाबाई एकदा सूर्याकडे, एकदा नवऱ्याकडे बघत राहिल्या. दोहोंपैकी सूर्यच जरा लवकर हलत होता.

"केसाएवढा फरक न्हाई," शेवटी मशीन बघून मिस्त्री म्हणाला.

दुकानातून बाहेर पडताच गाडी पुन्हा डावीकडे! तवनाप्पा परत फिरले. मिस्त्रीने स्वतः फेरी मारली. गाडी सुतासारखी सरळ. मग तो शेजारी बसला आणि त्याने तवनाप्पांना चालवायला लावली. पन्नास पावलांत तो ओरडला, "आवं काका, माज्या मांडीवर कशाला येताय?"

"आवाज ऐकतोय."

"कान चाकाकडं, कानामागं मान, मानंमागं हात! गाडी बिचारी काय करंल? सरळ बसा."

सव्वापाच वाजले होते. गुणमालाबाईंनी साताऱ्याला फोन लावला. आवाज रडवेला झाला होता. "भाऊ, आमी कराडातच हाय वो."

"वाटंत उंब्रजला थांबा, वैनी. डबे घिऊन निघालोच!"

पावणेसहाला उंब्रजला रस्त्याच्या कडेला, गाडीच्या बॉनेटवर पंगत बसली, म्हणजे उभी राहिली. सुभेदार मुगाची आमटी वाढत होते. "वैनी, अजून एक पोळी. बिगीबिगी! दहा मिनटं हायत." गुणमालाबाई एक डोळा डोंगरावर ठेवून जेवल्या. शेवटचा घोट पाणी प्यायल्या आणि सूर्य डोंगराआड गेला.

"पोरगीला लय जपणार ही माणसं," त्या पुटपुटल्या.

डबे आवरून झाले, तरी सुभेदार घुटमळत होते. मग तवनाप्पांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आप्पा, घरात बोललो न्हाई. परवा माज्याबी गाडीचं बेरिंग बदललं. अलायमेंट न्हाई केलं. तवापासनं डावीकडं ओढतीय."

"मला वाटतं," तवनाप्पांनी सुरुवात केली, आणि थांबले. "न्हाई. मला नक्की म्हाईत हाय. चाकाकडं कान देऊ नका. सावधानमधी बसा."

तीस वर्षं हाच हुकूम सोडलेले सुभेदार ताठ होऊन स्टिअरिंगमागे बसले. त्यांची गाडी सरळ रेषेत साताऱ्याकडे निघाली. मागोमाग तवनाप्पांची.

थोड्या वेळाने गुणमालाबाईंनी डॅशबोर्ड घट्ट धरला. "आवं, आता उजवीकडं चालली!"

"श्श!" खिडकीबाहेर मान काढून तवनाप्पा म्हणाले, "त्यांचं बेरिंग ऐकू दे."