पंचवीस किलो फी

पोशीरच्या रोहिदासने ठरवलं ते इतकंच, की तडजोडीच्या दिवशी वकीलबाईंकडे रिकाम्या हाताने जायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी दहिवलीच्या वळणावर एका टेंपोने त्याला उडवलं होतं. पायात सळई बसली आणि मांडी घालून बसणं कायमचं गेलं. (गावजेवणाच्या पंगतीत तो एकटाच खुर्चीवर, नवरदेवासारखा.) तेव्हापासून बायको नंदा एकटीच चिखलात उतरायची आणि हा बांधावर खुर्ची टाकून स्वप्न बघायचा. स्वप्न एकच. घराला पुढे पडवी काढायची, तिच्यात पितळी कड्यांचा झोपाळा टांगायचा. झोपाळ्यावर पाय नुसता सोडून द्यायचा असतो. समोर भात पिवळं पडलेलं असेल, डोंगरावर ऊन रेंगाळत असेल, दिवसभर राबलेली नंदा शेजारी येऊन टेकेल आणि दोघं काही न बोलता मागेपुढे होत राहतील. हे त्याने नंदाला कधी सांगितलं नव्हतं. लाज वाटायची.

टेंपोची विमा कंपनी आता पाच लाखांच्या भरपाईवर आली होती. समिधा वकीलबाईंनी बजावलं होतं, "तुम्ही फक्त सही करायची. बोलायचं काम माझं." फीचं नंतर बघू, असंही त्या म्हणाल्या होत्या. पण रोहिदासचे वडील भिवाजी वर्षभर काम करणाऱ्या सुताराच्या, न्हाव्याच्या दारात नवा तांदूळ स्वतःच्या खांद्यावरून नेऊन टाकत. मग वकिलाच्या का नाही?

"अवो, तांदळाचं पोतं रिक्षावाल्याला उचलू द्या," नंदा म्हणाली.

"दुसऱ्याच्या खांद्यावरनं दिलं तर ते आपण दिलं का गं?"

कर्जतला कोर्टापाशी उतरताना त्याची काठी रिक्षातच राहिली. नंदा रिक्षामागे धावली आणि रोहिदासने पंचवीस किलोचं पोतं खांद्यावर घेतलं. जिना चढताना गुडघा ठणकत होता, पण रोहिदास जिन्यावर नव्हताच. तो झोपाळ्यावर होता. एक पायरी म्हणजे एक झोका.

मधल्या वळणावर पांढऱ्या शर्टातला एक सभ्य माणूस बाजूला सरला.

"काका, जड नाही का?"

"ह्यात काय जड हाय? अजून एक आणलं असतं."

"पायाला त्रास होत असेल."

"पाय ठणठणीत हाय," रोहिदास म्हणाला. (ओळख ना पाळख, परक्यापाशी कशाला कण्हायचं?)

त्या माणसाने अदबीने दार उघडून धरलं. आत समिधाबाई कागद घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पोत्याकडे पाहिलं, पोत्याखालच्या अशिलाकडे पाहिलं आणि हळूच डोळे मिटले. पांढरा शर्ट टेबलापलीकडे जाऊन बसला. तो विमा कंपनीचा साहेब होता, आणि टेबलावरच्या अर्जात पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'अर्जदारास कोणतेही ओझे उचलता येत नाही.'

"मॅडम," साहेब म्हणाला, "पाच लाख जरा जास्त होतात."

समिधाबाई एक्स-रे दाखवून तासभर भांडल्या. दोन लाखांवर मिटलं. तीन लाख पोत्याखाली गेले. त्यातून इस्पितळासाठी घेतलेली उसनवारी आणि फी गेली, की झोपाळ्याच्या कड्या येणार होत्या. फळी आणि पडवी नाही.

"आणि हे पोतं घरी न्या," समिधाबाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "साहेब गेल्यावर."

रोहिदास लंगडत जिना उतरला. आता खरंच लंगडत होता, पण बघायला कोणी नव्हतं. पोतं नंदाच्या डोक्यावर होतं. वाटेत त्याने तिला सगळं सांगून टाकलं, झोपाळ्यासकट, शेजारी टेकण्यासकट. नंदा ऐकत राहिली.

संध्याकाळी तिने त्याच तांदळाचा भात टाकला. नव्या भाताचा वास घरभर पसरला आणि रोहिदासचे डोळे पुन्हा मिटू लागले. नंदाने खुर्चीशेजारी पाट ओढला, टेकली आणि त्याच्या ताटात मोजून एक मूठ भात वाढला.

"अजून वाढ की गं."

"आधी तेवढा खावा, सावकाश," नंदा म्हणाली. "मी हिशेब केला. बारा हजार रुपये किलो पडलाय."